ओढणारी बाजू : नव्याने बांधलेल्या जुन्या ट्रक इंजिनाचं एक प्रकरण

गाडी १९६०च्या दशकातली टाटा-मर्सिडीज बेंझ, एल-३१२ जातीची, पुढे गोल नाक असलेली. १९५४ साली टाटांची टेल्को कंपनी आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपूरला या गाड्या बनू लागल्या. १९६९ साली करार संपला आणि बोनेटवरचा तारा गेला. इंजिन ओएम-३१२ : सहा सिलिंडर, ९० मिमी बोअर, १२० मिमी स्ट्रोक, म्हणजे साधारण ४.६ लिटर. प्री-चेंबरचं डिझेल, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. डिझेल पंपाला फेऱ्या आवरणारा न्यूमॅटिक गव्हर्नर, म्हणजे वजनांवर नव्हे, तर इनटेकमधल्या व्हॅक्यूमवर चालणारा.

रत्नागिरीजवळ खाडीकाठच्या एका गावात, आंब्याच्या बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती अकरा पावसाळे उभी होती. मालकांनी इंजिन बांधून घेतलं : ब्लॉक बोअर करून लायनर, नवे पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंड करून त्या मापाचे बेरिंग सेट, हेडला नवे गाइड आणि व्हॉल्व्ह. काम चांगलं झालं होतं. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे जे निघालं त्यातलं काहीही बोअरमध्ये, पिस्टनमध्ये किंवा क्रँकवर नव्हतं.

सहाशे किलोमीटर झाल्यावर तक्रारी चार होत्या. सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय गाडी घेत नाही. स्लोला इंजिन उचक्या घेतं, आवाज वर-खाली होत राहतो, आणि रेस दिली की काळा धूर. ऑइल प्रेशर पडतं. आणि कोल्हापूरच्या वाटेवर नाणीजच्या पुढे चढ लागला की पाण्याचा काटा लाल पट्टीकडे सरकतो.

ज्या गॅरेजने इंजिन बांधलं होतं तिथे तीन उपाय झाले होते. तेल १५डब्ल्यू-४० काढून त्याहून जाड २०डब्ल्यू-५० भरलं. जास्तीचं ऑइल प्रेशर सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर घालून स्प्रिंग ताठ केला. थर्मोस्टॅट काढून टाकला. फरक पडला नाही, तेव्हा सल्ला मिळाला की इंजिन पुन्हा उतरवून क्रँक आणि बेरिंग बघावे लागतील. म्हणजे सगळा खर्च दुसऱ्यांदा.

ड्रायव्हरचं एक वाक्य मात्र कुणी कागदावर घेतलं नव्हतं. तो म्हणाला होता, "स्लोला काटा बरा असतो, रेस दिली की खाली येतो." या प्रकरणाची किल्ली तिथेच होती.

बेरिंग गेलेलं इंजिन असं वागत नाही

ऑइल पंप ठरावीक फेऱ्यांना ठरावीक तेल ढकलतो. बेरिंगमध्ये फट वाढली असेल तर तेल तिथून निसटतं. स्लोला पंप कमी तेल देतो म्हणून प्रेशर पडतं, रेस दिली की पंप जास्त देतो आणि काटा वर येतो. तेल गरम, पातळ असेल तेव्हा हे सर्वांत वाईट दिसतं. रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला असेल तर प्रेशर सगळ्याच फेऱ्यांना कमी. त्याचा स्प्रिंग नुसता थकला असेल तर काटा एका उंचीपर्यंत चढतो आणि तिथेच थांबतो, खाली येत नाही.

फेऱ्या वाढल्या आणि प्रेशर उतरलं, याला कारणं जवळपास एकाच जागी सापडतात : पंपाला हवं तितकं तेल ओढता येत नाही. तेल गाळणारी जाळी तुंबलेली, किंवा जाळीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीच्या सांध्यातून हवा शिरतेय. तसं असेल तर जाड तेलाने दुखणं वाढणार, कमी होणार नाही. आणि रिलीफ व्हॉल्व्ह त्या वेळी उघडलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्या स्प्रिंगखालच्या वायसरने काहीच साधणार नाही.

हे कागदावर पटतं. पण इंजिन उचक्या घेत असताना १८०० आरपीएमला प्रेशर किती, हे मोजता येत नाही, कारण १८०० टिकतच नाहीत. म्हणून ऑइलची तक्रार सर्वांत मोठी असूनही ती मागे ठेवली. आधी डिझेल, मग गव्हर्नर, मग तेल, शेवटी पाणी, असा क्रम धरला.

डिझेल : क्लिपखालचं भोक

उचक्यांना दोन मुख्य कारणं असू शकतात : डिझेलमध्ये हवा, किंवा गव्हर्नरचं व्हॅक्यूम गळणं. दोन्हींमध्ये आवाज सारखाच येतो. वेगळं करायला सोपा उपाय म्हणजे पारदर्शक नळी. टाकीकडून फीड पंपाला येणाऱ्या लाइनमध्ये, फीड पंपाच्या अगदी अलीकडे, वीतभर पारदर्शक डिझेल पाइप दोन क्लिपांनी बसवला. इंजिन चालू केलं. मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक, न थांबता जात होते.

टाकी ते फीड पंप या पट्ट्यात फीड पंप डिझेल ओढतो. तिथे भोक असेल तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. गाडी रात्रभर उभी राहिली की त्याच भोकातून हवा शिरून लाइनमधलं डिझेल टाकीत परत उतरतं. सकाळचे पाच-सहा सेल्फ त्याचेच.

भोक शोधायला लाइन दोन्ही टोकांना सोडवली, एक टोक बंद केलं आणि दुसऱ्या टोकाने पाव किलो (चौरस सेंटिमीटरला) प्रेशरची हवा दिली. त्याहून जास्त देऊ नये, जुनी नळी उगाच फुटते. साबणाचं पाणी सगळीकडे लावलं. युनियनवर काही नाही, सांध्यावर काही नाही. फेस आला तो चेसिसच्या आडव्या मेंबरजवळ, जिथे नळी रबर घातलेल्या क्लिपने धरली होती. क्लिप काढली तर रबराखाली नळीचा पत्रा खवल्यांसारखा उठलेला, आणि बोटाच्या नखाने खवला काढल्यावर सुईच्या अग्राएवढं भोक.

किनाऱ्यालगतच्या गाडीत ही जागा पहिली बघावी. उघडी नळी पावसात धुतली तरी जाते, पण क्लिपच्या रबराखाली खारट ओल धरून राहते, उन्हाळ्यातही पुरती सुकत नाही. बाहेरून रंग मारलेली, दिसायला चांगली नळी आतल्या बाजूने खाल्लेली असते. पूर्ण लाइन त्याच बाहेरच्या व्यासाच्या स्टीलच्या नळीने बदलली. तांब्याची नळी वाकवायला सोपी, पण ट्रकच्या थरथरीने ती कडक होते आणि फ्लेअरपाशी चिरते, म्हणून घेतली नाही. क्लिपच्या जागी नळीला ग्रीस लावून मगच रबर चढवलं. बेंजो बोल्टखालचे तांब्याचे वायसर नवे घातले. नवे मिळत नसतील तर जुने लालभडक तापवून पाण्यात टाकावेत, ते परत मऊ होतात. कडक झालेला वायसर कितीही आवळला तरी बसत नाही.

टाकीच्या तळाचा प्लग काढला तेव्हा सुरुवातीला पेलाभर पाणी आलं. अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी पावसाळाभर उभी राहिली की रिकाम्या भागात दव धरतो आणि खाली जमतो. उभ्या गाडीची टाकी भरलेली ठेवावी.

नंतर एअर काढली : आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे जाईपर्यंत, मग डिझेल पंपाच्या गॅलरीचा स्क्रू, मग दोन नोझलचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावं. नोझलच्या सुटलेल्या नळीसमोर हात कधीच धरू नये. ती धार कातडी भेदून आत जाते आणि जखम दिसते त्यापेक्षा फार खोल असते.

याच टप्प्यावर हीटर प्लगही तपासून घेतले. या जुन्या इंजिनात ते एकामागून एक, मालेत जोडलेले असतात. एकाची तार तुटली की सहाही थंड आणि डॅशबोर्डवरचा निर्देशक पेटतच नाही. कोणता गेला हे काढायला हीटर चालू ठेवून प्रत्येक प्लगच्या दोन टोकांवर व्होल्टमीटर लावावा : ज्याच्यावर जवळजवळ पूर्ण बॅटरीचं व्होल्टेज दिसेल तो तुटलेला. इथे सगळे ठीक होते.

सकाळचा सेल्फ आता दुसऱ्या खेपेला घ्यायचा. पारदर्शक नळीत बुडबुडा नाही. उचक्या कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत.

गव्हर्नर : चामड्याचा पडदा

हा भाग जरा सविस्तर, कारण न्यूमॅटिक गव्हर्नर हाताळलेले मिस्त्री आता कमी राहिलेत, आणि इथली चूक इंजिन फोडू शकते.

इनटेकच्या तोंडाशी घशासारखा निमुळता भाग आणि त्यात फुलपाखरू झडप असते. अ‍ॅक्सिलरेटर या झडपेला जोडलेला असतो, पंपाला नव्हे. झडप बंद असली की घशात व्हॅक्यूम तयार होतं. ते एका बारीक नळीने पंपामागच्या डब्यात येतं. डब्यात चामड्याचा पडदा, त्याच्यामागे स्प्रिंग, आणि पडद्याला पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, जोडलेला. व्हॅक्यूम पडद्याला ओढून रॅक कमी डिझेलकडे नेतं आणि स्प्रिंग त्याला जास्त डिझेलकडे ढकलतो. म्हणजे व्हॅक्यूम नसेल तर स्प्रिंग रॅकला थेट फुल डिझेलवर नेऊन ठेवतो. पडदा चिरला, नळी सुटली, रबरी सांधा कडक होऊन हवा घेऊ लागला, तर इंजिन हवं त्याहून जास्त डिझेल घेतं. थोडी गळती असेल तर उचक्या आणि काळा धूर. मोठी असेल तर फेऱ्या आवरत नाहीत.

म्हणून व्हॅक्यूमची नळी काढून इंजिन कधीही चालू करायचं नाही, "एकदा बघू" म्हणूनसुद्धा नाही. इंजिन धावत सुटलंच तर किल्लीने ते थांबत नाही, कारण या डिझेलला बंद व्हायला विजेची गरज नसते. स्टॉपची तार ओढावी. तिनेही ऐकलं नाही तर इनटेकच्या तोंडावर जाड लाकडी फळी दाबून हवा तोडावी. हात किंवा फडका लावू नये, आत ओढला जातो. या कामाच्या वेळी अशी फळी इनटेकशेजारी काढून ठेवली होती.

पडद्याची परीक्षा इंजिन बंद ठेवूनच होते. डब्याकडची व्हॅक्यूम नळी सोडवायची. स्टॉपची लिव्हर पूर्ण ओढून रॅक शून्यावर न्यायचा. डब्याच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबायचा. आता लिव्हर सोडायची. पडदा सलग असेल तर रॅक सुरुवातीला किंचित सरकतो आणि अडकल्यासारखा थांबतो, मग फार सावकाश पुढे येतो, आणि अंगठ्याला ओढ जाणवते. इथे लिव्हर सोडली आणि रॅक एका दमात फुलवर गेला. अंगठ्याला काही लागलंच नाही.

डबा उघडला. पडदा नवा होता, इंजिन बांधताना बदललेला. पण कव्हर आवळताना तो फिरला होता, कडेला चुणी पडली होती आणि त्या चुणीवर अर्ध्या सेंटिमीटरची चीर. नवा पडदा बसवताना कडा चार ठिकाणी सपाट बघून, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळून घेतले. नळीचा रबरी सांधाही बदलला, तो बोटाने वाकवल्यावर कडेला भेगा दाखवत होता. पुन्हा तीच अंगठ्याची परीक्षा : रॅक थांबला.

आणखी एक गोष्ट निघाली. काळा धूर घालवण्यासाठी कुणीतरी पंपाचं सील तोडून फुल डिझेलचा स्क्रू आत घेतला होता. पडदा फाटलेला असताना केलेली ही सेटिंग पडदा बदलल्यावर चुकीचीच ठरणार. पंप उतरवून टेस्ट बेंचवर सहाही एलिमेंटचं डिझेल सारखं करून, सील लावून आणला. हा खर्च टाळू नये. सहा नोझलमध्ये डिझेल कमी-जास्त जात असेल तर स्लो कधीच एकसारखा होत नाही आणि माणूस टॅपेटमध्ये दोष शोधत बसतो.

यानंतर इंजिन ६०० आरपीएमवर एकसारखं चाललं. आता मोजमापाला अर्थ आला.

तेल : जाळीतली लाल गांडुळं

डॅशबोर्डच्या गेजवर भरवसा न ठेवता मेन गॅलरीच्या, म्हणजे तेलाच्या मुख्य वाटेच्या, तोंडाशी तपासलेलं मास्टर गेज थेट लावलं. क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून फोटो टॅकोमीटरने फेऱ्या मोजल्या. तेल परत १५डब्ल्यू-४०, आणि रिलीफ व्हॉल्व्हमधला वायसर काढून स्प्रिंग मूळ मापाला आणला. तेल ८० अंशांवर आल्यावर आकडे असे मिळाले : ६००ला १.९ किलो, १२००ला ३.१, १८००ला २.६ आणि काटा थरथरतोय, २४००ला १.७. सकाळी थंड तेलावर ६००ला ३.८ आणि १८००ला जेमतेम २.२.

थंड तेलावर जास्त पडझड झाली, ही सर्वांत बोलकी खूण. बेरिंगची फट थंड, जाड तेलावर झाकली जाते. तुंबलेली जाळी मात्र थंड तेलावरच उघडी पडते.

आता जाळी की हवा? यासाठी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, दीड लिटर तेल जास्तीचं ओतलं. सक्शन नळीचा सांधा तेलाच्या पातळीवर असेल आणि हवा ओढत असेल, तर पातळी वाढल्यावर तो तेलात बुडतो आणि प्रेशर सुधारतं. जास्त तेलावर इंजिन अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त आणि २००० आरपीएमच्या वर चालवू नये, क्रँक तेल घुसळून फेस करते. आकड्यात काहीच फरक नाही. तेल मूळ खुणेवर आणलं. सांधा निर्दोष, म्हणजे राहिली जाळी.

तेल काढल्यावर ड्रेन प्लगच्या भोकातून मोबाइलला जोडायचा बोअरस्कोप आत घातला. आजकाल तो हजार-दोन हजारांत मिळतो आणि इंजिन न उघडता आतलं दाखवतो. तळाशी लाल धागे दिसले. मग चेंबर उतरवलं.

जाळी हातात घेतल्यावर तिचा पोत कळतच नव्हता. लाल सिलिकॉनचे तुकडे गांडुळांसारखे तारांमध्ये गुंतलेले, काही बोटाच्या पेराएवढे लांब, एका बाजूने चपटे आणि दुसऱ्या बाजूने गोल. तो चपटा भाग म्हणजे जिथे ते पत्र्याला चिकटले होते. जाळीचा जेमतेम तिसरा हिस्सा उघडा होता. स्लोला पंपाला लागणारं तेल तेवढ्यातून मिळत होतं, फेऱ्या वाढल्यावर नाही.

चेंबर पॅकिंग, टायमिंग कव्हर आणि टॅपेट कव्हर या तिन्ही ठिकाणी जाड सिलिकॉनची दोरी घातली होती. बोल्ट आवळल्यावर जेवढं सिलिकॉन बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं. बाहेरचं आपण फडक्याने पुसतो. आतलं गरम तेलात भिजून सुटतं आणि जाळीकडे जातं. इतकं जीव ओतून केलेलं काम एका ट्यूबमुळे वाया जाणार होतं, हे बघून वाईट वाटतं. कॉर्क किंवा कागदी पॅकिंगच्या इंजिनाला पॅकिंगच पुरेसं आहे. फार तर शेलॅकचा पातळ हात, तोही एकाच बाजूला. चेंबरचा पत्रा बोल्टांपाशी खड्डा पडून वाकलेला असतो, तो आधी लाकडावर ठेवून हातोडीने सपाट करावा. गळती बहुतेक वेळा तिथून होते आणि सिलिकॉन त्यावर मलमपट्टी म्हणून येतं.

चेंबर उतरलंच होतं म्हणून पंपापासून सर्वांत लांबचं एक मेन कॅप आणि एक बिगएंड कॅप काढून प्लास्टिगेज, म्हणजे दाबून फट मोजायचा मऊ प्लास्टिकचा धागा, लावलं. मेनची फट ०.०७ मिमी आली. जर्नलच्या व्यासाचा साधारण हजारावा भाग हा ढोबळ हिशेब धरला तरी ती मापात होती, आणि बेरिंगवर ओरखडा नव्हता. कॅप ज्या क्रमांकाची, त्याच जागी आणि त्याच दिशेने परत बसवली. क्रँक पुन्हा ग्राइंड करायची काहीच गरज नव्हती. जाळी केरोसिनमध्ये धुऊन उपयोग नाही, तारांच्या मागे तुकडे राहतात, म्हणून नवी घातली. कव्हरांच्या आतल्या कडा बोटाने चाचपून सैल सिलिकॉन काढलं. टायमिंग कव्हर मात्र उतरवलं नाही, कारण त्यासाठी पुली आणि पुढचा बराच भाग काढावा लागतो. त्याची आतली कड चेंबरच्या बाजूने हात पोचेल तिथवरच साफ झाली.

तेल भरल्यावर गरम इंजिनाचे आकडे : ६००ला १.९, १२००ला ३.२, १८००ला ४.१, २४००ला ४.३. स्लोचा आकडा बदललेला नाही हे लक्षात घ्यावं. बेरिंग आधीही तेवढेच चांगले होते.

पाणी : चोखलेल्या आंब्यासारखा पाइप

गरम होण्याबाबतही आधी "कधी" हे विचारावं. उभ्या गाडीत किंवा सावकाश चढावर काटा चढत असेल तर हवेकडे बघावं : फॅन बेल्ट, फॅनभोवतीचा पत्रा, रेडिएटरच्या फिनांत अडकलेला कचरा. फेऱ्या वाढल्यावर चढत असेल तर पाण्याकडे बघावं. ही गाडी नाणीजपुढच्या डाभोळ्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जास्त फेऱ्यांवर तापायची, तिसऱ्यात सावकाश नेली की कमी. म्हणजे पाणी.

हेड पॅकिंग आधी निकालात काढलं. पाणी थर्मोस्टॅटच्या जागेखाली उतरवून, फॅन बेल्ट काढून, थंड इंजिन दीड मिनिट चालवलं आणि उघड्या तोंडातून पाणी बघितलं. पंप फिरत नसल्याने पाणी स्थिर राहतं. पॅकिंग फुटलं असेल तर बुडबुडे उठतात. एकही नाही. नोझलच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन घेतलं, सहाही सिलिंडर २१ ते २३ किलोंच्या आत. आकड्यापेक्षा त्यांच्यातला फरक महत्त्वाचा, आणि तो कमी होता.

बेल्ट चढवून इंजिन तापवलं आणि एकाला रेस द्यायला सांगून खालच्या होज पाइपवर टॉर्च धरला. १२००पर्यंत पाइप गोल. २०००च्या पुढे गेल्यावर त्याच्या दोन भिंती आत आल्या, रायवळ आंबा चोखताना साल आत ओढली जाते तशा, आणि रेस सोडल्याबरोबर परत गोल. वरचा पाइप पाणी ढकलतो म्हणून तो फुगलेला असतो. खालच्यातून वॉटर पंप पाणी ओढतो. त्याच्या आत तारेचा स्प्रिंग असायला हवा. जुना खाऱ्या हवेत गंजून तुकडे झाला असणार, आणि नवा पाइप स्प्रिंगशिवायच बसवला होता. बाहेरून पाइप नवा, क्लिपा नव्या, एक थेंब गळती नाही.

पण नुसत्या स्प्रिंगवर थांबणं बरोबर नव्हतं. समोरून पाणी सहज येत असतं तर पाइप इतका चिमटला नसता. रेडिएटर उतरवून खालचं तोंड बुचाने बंद केलं, पाण्याने भरला आणि बूच काढलं. पाणी तोंडभर धबकन यायला हवं. इथे अंगठ्याएवढी धार आली. रेडिएटरवाल्याने वरची-खालची टाकी झाळ सोडवून काढली आणि नळ्यांतून रॉड मारला. जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या नळ्या बंद होत्या.

त्याहून महत्त्वाचं ब्लॉकमध्ये होतं. इन्फ्रारेड गनने हेडचं पुढचं टोक ८४ अंश दाखवत होतं, मागचं, पाच-सहा नंबरकडचं, ९९. पाण्याचं गेज पुढच्या टोकाचं तापमान सांगतं, त्यामुळे मागचे सिलिंडर काट्यापेक्षा पुष्कळ गरम चालत होते. ब्लॉकच्या मागचा ड्रेन कॉक उघडला. थेंबही नाही. सायकलचा स्पोक आत घातला, दोन इंचांवर मऊ काहीतरी लागलं. स्पोक फिरवत बाहेर काढला तर त्याला भिजवलेल्या नाचणीच्या पिठासारखा तांबूस गाळ. पुन्हा पुन्हा खुपसल्यावर आधी तोच गाळ सांडला, मग गढूळ पाणी, आणि दहा मिनिटांनी धार.

ब्लॉक बोअरला जाण्याआधी कॉस्टिकच्या गरम टाकीत उकळला गेला नव्हता, हे इथे कळलं. अकरा वर्षं खाडीकाठच्या विहिरीचं पाणी जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत, होतं, आणि मे महिन्यात त्या विहिरी मचूळ होतात. ब्लॉकच्या बाजूची भोकं बंद करणारे कोअर प्लग काढले. तीन आतून कागदाएवढे पातळ झालेले. त्या भोकांतून वाकवलेल्या तारेने जॅकेट खरवडून, मागून पुढे पाण्याचा आणि हवेचा झोत मारला. उरलेल्या गंजासाठी सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबाचं सत, लिटरला ५० ग्रॅम, कोमट पाण्यात तीन तास, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने तीनदा धुणं. म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड वापरू नये, ते गंजाबरोबर ओतीव लोखंड आणि रेडिएटरची झाळही खातं. नवे कोअर प्लग पितळी घातले.

खालच्या पाइपात स्टेनलेस तारेचा स्प्रिंग घातला. थर्मोस्टॅट परत बसवला, त्याआधी पातेल्यात थर्मामीटरबरोबर गरम करून त्यावर छापलेल्या अंशांवर उघडतो ना हे बघितलं. बायपास असलेल्या रचनेत थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून गरमच परत येतो. पाण्यात कुलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, डिस्टिल्ड वॉटरबरोबर. कोकणात पाणी गोठत नाही म्हणून कुलंटची गरज नाही, असं बरेच जण म्हणतात. इथे त्याचं काम गोठू न देणं नसून गंज धरू न देणं हे आहे, आणि ते आपल्याकडे जास्तच लागतं.

रस्त्यावर

तीन टन चिरा भरून हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि आंबा घाट अशी खेप केली. घाटात दुसऱ्या गिअरवर पाण्याचा काटा ८६ अंशांच्या पुढे गेला नाही, वर थांबून गनने बघितलं तर हेडच्या दोन टोकांत चार अंशांचा फरक. तेलाचं प्रेशर २००० आरपीएमला चार किलोंच्या वर राहिलं. चढावर धूर राखाडी, गिअर बदलताना क्षणभर काळा, जो प्री-चेंबरच्या जुन्या इंजिनात असतोच.

पाचशे किलोमीटरनंतर तेल बदललं आणि ड्रेन प्लगमधून बोअरस्कोप पुन्हा आत गेला. जाळीच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढे दोन लाल तुकडे होते. ते टायमिंग कव्हरचे, तिथे हात पोचला नव्हता. मास्टर गेजवर २४०० आरपीएमला अजून ४.३च येतात, म्हणून गाडी थांबवलेली नाही. पावसाळ्यात ती शेडमध्ये उभी राहील तेव्हा पुली काढून कव्हर उतरवायचं, कडा साफ करून कागदी पॅकिंगवर बसवायचं ठरलं आहे. टाकी भरूनच ती उभी राहील. तोवर दर पाचशे किलोमीटरला बोअरस्कोप.